धूळ पुसता येते, गंज नाही



दशलक्षण पर्वाच्या तयारीवर आणि साठवणीच्या पदार्थांवर लिहिणारी ही बाई आज मोटारीवर काय लिहिते आहे, असे काहीजणींना वाटेल. पण या उन्हाळ्यात दोन महिने आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर हा एकच विषय होता. वर्षानुवर्षे दुर्लक्षित पडलेली जुनी स्पोर्ट्स कार विकत घ्यावी की नाही? मुले मोठी होतात, हातात स्वतःचा पगार येतो, मग कुणाला जुनी बुलेट हवी असते, कुणाला जुनी जीप. त्यामुळे हा प्रश्न आज ना उद्या तुमच्याही दारात येईल.

माझे मत आधीच सांगून टाकते. अशी गाडी घेण्यात काही वावगे नाही. मात्र तिचा पत्रा शाबूत हवा, पैशाची आणि वस्तूंची मर्यादा गाडी बघायला जाण्याआधी ठरलेली हवी, आणि विकणाऱ्याच्या अज्ञानावर आपला फायदा उभा नसावा. यातले एक जरी नसेल तर गाडी कितीही देखणी असो, हात जोडून परत यावे. आणि ही तपासणी घरातल्या पुरुषांवर सोडून देऊ नये. जी नजर आपण रोज स्वयंपाकघरात आणि कोठीच्या खोलीत वापरतो, तीच इथे लागते.

गाडी कोणती?

आम्ही अमेरिकेत मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या जवळ राहतो. चिरंजीव सव्वीस वर्षांचे आहेत, नोकरी लागून तीन वर्षे झाली. लहानपणापासून त्यांच्या मनात एकच गाडी, माझदा मिआटा. अमेरिकेबाहेर तिला एमएक्स-५ म्हणून ओळखतात.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. पूर्वी ब्रिटिश कंपन्या उघड्या टपाच्या, दोन माणसांच्या, हलक्याफुलक्या स्पोर्ट्स गाड्या बनवत. हळूहळू त्या बंद पडत गेल्या. १९७९ साली बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोटो यांना सुचवले की तशी साधी गाडी तुम्ही बनवा. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी लोकांसमोर आली. अमेरिकेत सुरुवातीची किंमत होती १३,८०० डॉलर. वजन एक टनाच्या आसपास, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, वर कापडी छत. पहिल्या पिढीच्या गाड्यांचे दिवे बॉनेटमधून डोळे उघडल्यासारखे वर येत. सर्वाधिक विकली गेलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार म्हणून २००० साली गिनीजने तिची नोंद केली आणि २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली.

हा इतिहास सांगण्याचे कारण व्यवहाराचे आहे. दुर्लक्षित गाडी वाचवायची तर सुटे भाग मिळायला हवेत. लाखोंनी बनलेल्या साध्या गाडीचे भाग मिळतात आणि ते बसवू शकणारे मेकॅनिकही मिळतात. तीच जागा एखाद्या दुर्मिळ, महागड्या गाडीने घेतली असती तर मी पहिल्याच दिवशी नाही म्हटले असते. भांडे फुटले तर त्याचे झाकण वेगळे मिळते का, हे आपण बाजारात विचारतोच ना? तसेच हे.

चकचकीत गाडी

पहिली गाडी आम्ही पाहिली ती जाहिरात बघून. लाल रंगाची, आरशासारखी चमकणारी, १९९२ ची. किंमत ४,५०० डॉलर. आमचे हे आणि चिरंजीव दोघेही तिथल्या तिथे भाळले. बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकण्यात दोघे गुंग. मी आत बसले आणि पहिल्याच श्वासाला मला वास आला. मैत्रिणींनो, हा वास तुम्हाला ओळखीचा आहे. आषाढ-श्रावणात सतरंजी नीट न वाळता घडी घालून ठेवली की जो कुबट वास येतो, तोच. पायाखालचा गालिचा हाताने दाबला तर खालून ओल लागली.

आता या ओलीचा अर्थ काय, तो मी आधी वाचून गेले होते. या गाडीच्या कापडी छतावर पडलेले पाणी सीटच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या छिद्रांतून नळीने खाली उतरते आणि मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडते. या नळ्या म्हणजे न्हाणीघरातली मोरी. पाने आणि माती साचून मोरी तुंबली की पाणी आतच मुरते. ते दाराखालच्या पोकळ पट्टीत जाऊन बसते आणि पत्रा आतून खायला लागतो. या पट्टीला इथे रॉकर पॅनेल म्हणतात. बाहेरून रंग तसाच दिसतो, आत काही उरत नाही. त्यात मिशिगनच्या हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारे पाणी खालून लागते. वरून ओल, खालून मीठ, मग पत्रा टिकेल कसा?

माझ्या पर्समध्ये फ्रिजवरचा एक लोहचुंबक होता, रुमालात गुंडाळलेला. रंगाला ओरखडा नको म्हणून रुमाल. दारावर लावला, चिकटला. पुढच्या चाकामागे लावला, चिकटला. मागच्या चाकाच्या पुढे, त्या पट्टीवर लावला आणि तो सरळ खाली पडला. दुसऱ्या बाजूलाही तेच. तिथे लोखंड नव्हतेच. भोक पाडलेल्या भिंतीत रंगारी लांबी भरतात तशी पुटी भरून वर लाल रंग दिला होता. गाडीच्या खाली डोकावले तर सगळीकडे ताजा काळा लेप. जुन्या गाडीचे पोट असे नवेकोरे काळे दिसले की त्याखाली काय झाकले आहे हे विचारावेच.

घरातली पत्र्याची जुनी ट्रंक आठवा. वरचे झाकण, कड्या, फुले काढलेला रंग, सगळे शाबूत असते. पण ओल्या फरशीवर टेकलेला तळ हात लावताच पापुद्र्यासारखा सुटतो. आपल्याला ट्रंक उलटी करून बघायची सवय असते, कारण आत आपल्या रेशमी साड्या असतात. मोटारीत तर आपले मूल बसणार असते. अपघातात बाजूचा मार याच पट्टीने झेलायचा असतो.

दुसऱ्या दिवशी एका पत्राकाम करणाऱ्याला विचारले. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा तर एका बाजूचे १,८०० डॉलर, दोन्ही बाजूंचे ३,६००. म्हणजे गाडीच्या किमतीला लागून तिची पाऊण पट दुरुस्ती. बारा आण्यांच्या मसाल्याची ती म्हण तुम्हाला ठाऊक आहे. त्यातल्या चार आण्यांच्या जिन्नसाचे नाव आपण घेत नाही इतकेच.

विकणाऱ्यावर मी इथे राग काढत बसणार नाही. पण एक सांगते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत त्यात 'प्रतिरूपक व्यवहार' हा एक आहे. अस्सल म्हणून नक्कल देणे, चांगल्यात हलके मिसळून विकणे. लोखंड म्हणून पुटी विकणे यापेक्षा वेगळे काय?

धुळीतली गाडी

दुसरी गाडी आमच्याच वस्तीत निघाली. दोन घरे सोडून राहणाऱ्या एका आजींचे यजमान काही वर्षांपूर्वी वारले. त्यांची १९९५ ची हिरवी मिआटा तेव्हापासून गॅरेजमध्ये चादरीखाली उभी होती. आठ वर्षे तिचे इंजिन सुरू झालेले नव्हते. आजींना गॅरेज रिकामे करायचे होते. किंमत त्यांनी सांगितली १,५०० डॉलर.

दिसायला ही गाडी बिचारी होती. चारही चाके बसलेली, मागची प्लॅस्टिकची खिडकी पिवळी पडून तडकलेली, छताला दोन ठिकाणी चीर, रंग उन्हाने उडालेला. आमचे हे म्हणाले, "ही तर भंगारात काढायची." पण चुंबक सगळीकडे चिकटला. गालिचा कोरडा. सीटमागच्या छिद्रात मी तांब्याभर पाणी हळूहळू ओतले, ते मागच्या चाकापुढून लगेच खाली आले. डिकीत बॅटरी असते, तिचे आम्ल सांडून खालचा पत्रा खराब झालेला नव्हता. आजोबा हिवाळ्यात गाडी बाहेर काढतच नसत, असे आजी म्हणाल्या, आणि तळ बघून ते पटले.

इथे मला दुर्लक्षाचे दोन प्रकार स्पष्ट दिसले. एक गाडी सतत वापरली गेली, धुतली गेली, रंगवली गेली, पण तिच्या मोरीत कुणी बोट घातले नाही. दुसरी कोरड्या जागी नुसती विसरली गेली. विसरलेल्या गाडीत रबर कडक होते, पेट्रोल शिळे होते, ब्रेक जाम होतात. हे सगळे बदलता येते आणि त्याचा भाव आधी विचारता येतो. सडलेल्या पत्र्याचा भाव कुणी खात्रीने सांगू शकत नाही, कारण कापल्याशिवाय सड कुठवर गेली आहे ते दिसत नाही. म्हणून माझे ठाम मत आहे की धूळ बघून गाडी नाकारू नये आणि चमक बघून घेऊ नये.

आमच्या राज्यात गाड्यांची ठराविक काळाने सक्तीची तपासणी होत नाही. म्हणजे तपासणारे आपणच. आम्ही जे पाहिले ते तुमच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. या गाडीचे टायर २०११ चे निघाले. नक्षी कितीही खोल असली तरी असे टायर बदलायचेच.

इंजिनातला टायमिंगचा पट्टा ६०,००० मैलांनी बदलायचा असतो. ही गाडी ८७,००० मैल चाललेली होती आणि पट्टा बदलल्याची पावती नव्हती. पावती नाही म्हणजे बदललेला नाही असेच धरायचे. या इंजिनाची एक चांगली गोष्ट अशी की पट्टा तुटला तरी आतले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून मोडत नाहीत, गाडी फक्त रस्त्यात थांबते. पट्टा बदलताना पाण्याचा पंपही बदलून घ्यावा, कारण तो त्याच झाकणामागे असतो आणि मजुरी दोनदा पडत नाही.

रेडिएटरची वरची टाकी काळ्या प्लॅस्टिकची असते. ती तपकिरी झाली की तिचे आयुष्य संपत आले. ही तपकिरी होती. १९९० आणि ९१ च्या सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकच्या टोकाचा एक दोष निघतो, तेव्हा त्या वर्षांची गाडी असेल तर जाणकाराला ते टोक जरूर दाखवावे. ९५ च्या गाडीला तो प्रश्न नव्हता.

आणखी एक आपल्या कामाचे. काही मिआटांत आसने आणि स्टिअरिंगचे वेष्टन कातड्याचे असते. या गाडीत आसने कापडी होती. कातडी असती तर माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला असता.

चावी फिरवण्याआधी

आठ वर्षे उभी असलेली गाडी म्हणजे कितीतरी जीवांचे घर. हे कोणत्याही मोटारीच्या मासिकात वाचायला मिळणार नाही, पण आपण विसरू नये. "बॅटरी लावू आणि चालू करून बघू," असे सगळे पुरुष म्हणत होते. मी म्हटले, आधी हवेच्या फिल्टरचा डबा उघडा, हीटरचा पंखा बघा, दिव्यांची भोके बघा. फिल्टरच्या डब्यात फोमच्या चिंध्यांचे उंदराचे घरटे निघाले. सुदैवाने रिकामे. दिव्यांच्या खोबणीतले कोळी चिरंजीवांनी कागदावर घेऊन बागेत सोडले. दोन दिवस गॅरेजचे दार उघडे ठेवले, मगच पुढचे काम.

यात दयेबरोबर शहाणपणही आहे. उंदरांनी वायरी कुरतडल्या असतील तर चावी फिरवताच नुकसान होते. शिळे पेट्रोल, ज्याला वार्निशसारखा उग्र वास येतो, ते पंपातून इंजिनात जाते. म्हणून टाकी रिकामी करणे, तेल बदलणे, इंजिन आधी हाताने फिरवून बघणे हा क्रम मेकॅनिकनेही सांगितला. आणि रेडिएटरचे जुने पाणी काढताना एक थेंबही जमिनीवर सांडू देऊ नका. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते, कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मरतात. डब्यात भरून ते संकलन केंद्रावर द्यायचे.

वहीतला हिशेब

गाड्या बघायला सुरुवात करण्याआधीच मी चिरंजीवांना वही घेऊन बसवले होते. त्यांची शिल्लक होती १४,००० डॉलर. नोकरी गेली तर काही महिने भागावे म्हणून ८,००० बाजूला, त्याला हात नाही. उरले ६,०००. गाडी, कर, दुरुस्ती, सगळे मिळून ६,०००. कर्ज नाही, क्रेडिट कार्ड नाही.

हिरव्या गाडीच्या दुरुस्तीचा अंदाज असा आला: पट्टा, पंप आणि सील ८५०, टायर ४२०, ब्रेक ५५०, बॅटरी १८०, पेट्रोलची टाकी आणि फिल्टर ३००, रेडिएटर आणि पाण्याच्या नळ्या ३००. एकूण २,६०० डॉलर. आजींची किंमत १,५०० आणि त्यावर सहा टक्के कर ९०. म्हणजे ४,१९० मध्ये काम होत होते. उरलेल्या १,८१० मध्ये नवे छत आणि शक्य झाले तर रंग, असे चिरंजीवांचे स्वप्न लगेच तयार झाले.

आणि इथेच खरा प्रश्न उभा राहिला. तपासणी करणाऱ्या मेकॅनिकने गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहिली, चारही सिलिंडरांचा दाब मोजला आणि म्हणाला, "मिशिगनमध्ये असा कोरडा पत्रा शोधून मिळत नाही. आहे तशी, धुळीसकट, हिचे २,८०० कुणीही देईल."

घरी येईपर्यंत गाडीत कुणी बोलले नाही. मग चिरंजीव म्हणाले, "आई, मी खोटे काही बोललेलो नाही. किंमत त्यांनीच सांगितली." आमचे हे म्हणाले, व्यवहार आहे, भाजीवालीशी घासाघीस करतोच ना आपण. दोघांचेही म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. दान मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, मग स्वस्त मिळालेल्या गाडीचा भाव कशाला काढायचा?

पण भाजीवालीला तिच्या भाजीचा भाव माहीत असतो. आजींना नव्हता. अचौर्याच्या अतिचारांत खोट्या वजनमापांचाही उल्लेख आहे, देताना कमी आणि घेताना जास्त. आजींच्या हातातला तराजू चुकीचा होता आणि बरोबर तराजू आमच्या खिशात होता. तो खिशातच ठेवून आम्ही माल घेतला असता, तर ओठांनी खोटे न बोलताही माप खोटेच ठरले असते. शिवाय त्या शेजारी आहेत. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या दारावरून ती गाडी नेताना मान खाली घालावी लागेल असा सौदा कशाला?

चिरंजीव दोन दिवस माझ्याशी मोजकेच बोलले. तिसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन आजींना सांगून आले की मेकॅनिक २,८०० म्हणतो आहे, तुम्ही आणखी कुणालाही विचारा, आम्ही थांबतो. आजींनी आपल्या पुतण्याला विचारले. तो आठवडा आमच्या घरात अवघड गेला, कारण गाडी दुसरीकडे जाऊ शकत होती. आठवड्याने आजी म्हणाल्या, "२,८०० द्या आणि घेऊन जा."

आता पुन्हा वही. २,८०० अधिक कर १६८ अधिक दुरुस्ती २,६००. झाले ५,५६८. उरले ४३२, ते अचानक निघणाऱ्या खर्चाला. नवे छत गेले, रंग गेला. मर्यादा मात्र जागची हलली नाही. खरे सांगण्याची किंमत आमच्या घरात एक नवे छत इतकी पडली, आणि ती ज्याची गाडी त्यानेच मोजली. आई म्हणून मला याचे समाधान त्या गाडीपेक्षा मोठे वाटते.

पण गरज आहे का?

हा प्रश्न माझ्या सासूबाईंनी सांगलीहून फोनवर विचारला आणि तो टाळण्यासारखा नाही. ऑफिसला जायला चिरंजीवांकडे साधी गाडी आहेच. मिआटात दोघेच बसतात, सामानाला जागा नाही, बर्फात ती काढायची नाही. मग ही हौसच. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात परिग्रह-परिमाण व्रताचे जे पाच अतिचार सांगितले, त्यातला पहिलाच 'अतिवाहन' आहे. गरजेहून अधिक वाहने बाळगणे, असा त्याचा एक अर्थ करतात. शेकडो वर्षांपूर्वीचा शब्द आमच्या गॅरेजवर इतका नेमका येऊन बसेल असे वाटले नव्हते.

माझे उत्तर असे आहे. परिमाण म्हणजे मोजून मर्यादा घालणे. गृहस्थाने हौस अजिबात करू नये असे त्यात नाही, पण मोजणी खरी हवी. आमच्या दारात तीन गाड्या होत्या. तिसरी, जुनी सेडान, महिन्यातून एकदा चालायची आणि आम्ही सगळेच तिच्याकडे दुर्लक्ष करत होतो. एक आली की एक जाईल, असे ठरले. सेडान विकली, मगच मिआटा आणली. तीनाच्या चार झाल्या असत्या तर मी सासूबाईंच्या बाजूने उभी राहिले असते.

काळजी आहे, ती लपवत नाही. तीस वर्षांपूर्वीच्या हलक्या गाडीत आजच्या गाड्यांसारखे संरक्षण नाही आणि इथल्या रस्त्यांवर घराएवढे पिकअप ट्रक धावतात. म्हणून महामार्गावर रात्री न्यायची नाही आणि पावसात काढायची नाही, असे ठरवून घेतले आहे. मुलगा मोठा आहे, शेवटी पाळणे त्याच्या हातात. पण गाडी घेण्याआधी हे बोलून घेणे आपल्या हातात असते.

तुमच्या घरी अशी गाडी यायची चर्चा सुरू झाली तर किंमत शेवटी विचारा. आधी विचारा, ती पावसात कुठे उभी राहणार? मोरी कोण साफ करणार? दर वर्षी तेल कोण बदलणार? घरात या कामांना नाव घेऊन सांगता येईल असा माणूस नसेल, तर फुकट मिळाली तरी ती गाडी घेऊ नका. जिच्याकडे बघायला वेळ नाही ती वस्तू आपल्याकडे येऊन पुन्हा दुर्लक्षितच होणार. तो निव्वळ परिग्रह, त्यात हौससुद्धा नाही.

मिआटा आता चालते. छताच्या चिरांवर काळी चिकटपट्टी आहे, रंग उडालेलाच आहे. सलग दोन उन्हाळे तिची देखभाल झाली नाही तर ती विकायची, हेही त्याच वहीत लिहिले आहे आणि खाली चिरंजीवांची सही आहे.

जय जिनेंद्र.